भाड्याचं घर जुनं आहे, पण राखलेलं आहे, सोडू का?

पत्र: आम्ही मूळचे परभणीचे. मिस्टर शेंद्रा एमआयडीसीत कामाला आहेत, मी शाळेत शिकवते, मुलगी सहा वर्षांची आहे. तीन वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरात गारखेड्यातल्या एका जुन्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर भाड्याने राहतो. इमारत १९९४ ची, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. पण जिना रोज झाडतात, पाण्याचा हौद दर सहा महिन्यांनी धुतात, गच्चीला कुलूप असतं. शेजार चांगला आहे. भाडं ११ हजार, डिपॉझिट ३० हजार. त्रास असे आहेत. गिझर चालू असताना इस्त्री लावली की बटण पडतं, म्हणून मालक एसी बसवू देत नाहीत. बाथरूमच्या नळाला करंगळीएवढी धार येते. महापालिकेचं पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी, एरवी बोअरचं, त्यानं नळ-फरशा पांढऱ्या पडतात. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे, त्या म्हणतात खर्च तुम्ही द्या. भरीस भर, असोसिएशनने भाडेकरूंकडून महिना ५०० रुपये जादा घ्यायचं ठरवलंय. अकरा महिन्यांचा करार मेअखेर संपतो. बीड बायपासकडे नवीन कॉम्प्लेक्समध्ये लिफ्ट-जिमसकट फ्लॅट १६ हजारांत मिळतोय. राहू की जाऊ?

उत्तर:

ताई, राहा. मात्र जुनाच करार तारीख बदलून पुढे ढकलू नका. आधी वायरिंग आणि बाथरूमचा निकाल लावा, मग सही करा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ आम्हाला हौद धुण्याची वाटली. रंगरंगोटी कोणीही एका दिवाळीत उरकून घेतं. सहा महिन्यांनी हौद रिकामा करून गाळ काढणं, टाकीचं झाकण घट्ट ठेवणं, गच्चीवर कुणालाही डिशसाठी खिळे ठोकू न देणं ही कामं कुणाला दिसत नाहीत आणि त्यांचं कौतुकही होत नाही. ती वर्षानुवर्षं होत असतील तर त्या इमारतीत पैसे वेळेवर गोळा करणारं आणि हिशेब ठेवणारं कोणीतरी आहे. भाडेकरूला असं घर शोधून सापडत नाही, तुम्हाला ते मिळालेलं आहे.

तरीही इमारत किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षातली आहे, तिची तिशी उलटली. एका संध्याकाळी मोबाईलची टॉर्च घेऊन पार्किंगमधल्या खांबांचे पाय बघा. खांबाच्या कोपऱ्यावर खालून वर जाणारी उभी चीर, तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ, किंवा किल्लीने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज म्हणजे आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचं काँक्रीट आतून फुटून निघतं. अशा जागी नुसतं सिमेंट थापलं तर एक-दोन पावसाळ्यांत ते सुटतंच. सैल काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरलं असेल तर ती दुरुस्ती टिकते. भिंतींवरच्या केसासारख्या बारीक चिरांना घाबरू नका. काळ्या मातीवरच्या इमारतीत उन्हाळ्यात चिरा किंचित उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. वर्षभरात चीर खुणेच्या पुढे गेली, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून नाणं जाईल एवढी रुंदावली, तर मात्र अभियंत्याला दाखवायला हवी.

सेक्रेटरींना एकच प्रश्न विचारा: स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अभियंत्याकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, शेवटचं कधी झालं? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायला सांगितलं आहे. तुमची असोसिएशन अपार्टमेंट कायद्याखालची असली तरी मोजमाप म्हणून हाच अंतराचा नियम धरा. अहवाल असेल तर ते तो आनंदाने दाखवतील. नसेल, तर मालकांना ही मागणी बैठकीत मांडायला सांगा.

आता बटण. ते का पडतं हे कळायला तीन गोष्टी बघा: कोणतं बटण पडतं, किती वेळाने पडतं, आणि त्या वेळी काय काय चालू असतं. गिझर लावताक्षणी पडत असेल तर गिझरमध्येच शॉर्ट आहे. आरसीसीबी, म्हणजे ज्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं टेस्ट बटण असतं ते, पडत असेल तर वीज कुठेतरी अर्थिंगला गळते आहे. बोअरच्या पाण्याने क्षार साचून गिझरचं एलिमेंट तडकलं की हेच होतं. आणि दहा-वीस मिनिटांनी, इस्त्री लावल्यावरच एमसीबी, म्हणजे एकेका लाईनचं नेहमीचं बटण, पडत असेल, तर तो जादा भार आहे. पत्रावरून तुमचं हे तिसरं प्रकरण दिसतं.

हिशेब असा. दोन किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो, इस्त्री ४ ते ५. दीड टनाचा एसी आणखी ७-८. नव्वदीतल्या घरात वायरिंग केलं तेव्हा पंखे, ट्यूबलाईट, मिक्सर आणि एखादा फ्रिज धरला होता. बऱ्याच घरांत बाथरूम आणि स्वयंपाकघराचे दोन्ही जाड पिनांचे सॉकेट एकाच वायरीवर आहेत. एमसीबी त्या वायरीला वाचवण्यासाठी पडतं. म्हणून कोणी वायरमन म्हणाला की "ताई, मोठं बटण टाकून देतो, पडणार नाही," तर त्याला साफ नाही म्हणा. बटण पडणार नाही, पण वायर भिंतीत तापत राहील. मीटरजवळ अजून चिनी मातीचे फ्यूज असतील तर त्यांत जाड तार बसवलेली नाही ना, हे आजच बघून घ्या.

मालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे: आहे त्या वायरीवर एसी नकोच. पण स्वतंत्र लाईन ओढली की ही अडचण संपते. मीटरच्या बोर्डापासून बेडरूमपर्यंत ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तीन वायरी, म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, छताच्या कडेने पट्टीतून न्यायच्या आणि तिला २० अँपिअरचं 'सी' प्रकारचं वेगळं एमसीबी लावायचं. भिंत फोडावी लागत नाही, काम एका दिवसाचं असतं. त्याच वेळी घरात आरसीसीबी नसेल तर ३० मिलीअँपिअरचा बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघत जा. वायरमनकडून अर्थिंगही तपासून घ्या. पार्किंगमधला अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा असतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हमखास. शिवाय वीज बिलावरचा मंजूर भार बघा. तो एक-दोन किलोवॅट असेल तर मालकांच्या नावाने महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा लागेल.

वायर भिंतीलाच राहणार, एसी तुमच्याबरोबर जाणार. म्हणून लाईनचा खर्च मालकांनी करावा हे रास्त. ते तयार नसतील तर खर्च तुम्ही करा आणि भाड्यातून चार-सहा महिन्यांत वळता करून घ्यायचं करारात लिहा. एसीचं बाहेरचं युनिट छज्ज्यावर ठेवू नका. तीस वर्षांपूर्वीचा छज्जा तेवढं वजन आणि रोजची थरथर सोसण्यासाठी केलेला नसतो, कडेला ड्रिल मारलं की तो फुटतो. भिंतीवर ब्रॅकेट लावा किंवा असोसिएशनची परवानगी काढून गच्चीवर स्टँड ठेवा, आणि पाण्याची नळी पन्हाळीच्या पाईपपर्यंत न्या.

खरं सांगायचं तर एसीची घाई कशाला? मार्च ते मे आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की वाळ्याचा कुलर उत्तम काम करतो, आणि तो जेमतेम दोनशे वॅट खातो. फक्त कुलरच्या समोरची खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत कुलर लावला की हवा चिकट होते आणि लोक कुलरला नावं ठेवतात. बोअरच्या पाण्याने ताटीवर क्षार चढतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून पुसून कोरडी करा. डेंग्यूचा डासही अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, त्यामुळे हा आठवडा चुकवू नका. शेवटच्या मजल्याची खरी उष्णता छतातून उतरते. असोसिएशन तयार असेल तर तुमच्या फ्लॅटवरच्या गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढरा उष्णतारोधक रंग द्यायला सांगा. त्याचा फरक रात्री झोपताना कळतो.

पाण्याच्या धारेचं बघू. तुम्ही टाकीच्या अगदी खाली राहता, म्हणून दाब कमी, हे उलटं वाटलं तरी खरं आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. टाकीचा तळ गच्चीपासून दीड-दोन मीटर वर धरला तरी तुमच्या शॉवरपर्यंत तीन मीटर भरतात, म्हणजे ०.३ बार. मोठ्या थाळीचे नवे शॉवर याच्यावर चालतच नाहीत. पण नळाला करंगळीएवढी धार हे मात्र उंचीचं कारण नव्हे.

दहा लिटरची बादली घ्या. स्वयंपाकघरातल्या बोअरच्या नळाखाली आणि बाथरूमच्या नळाखाली ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. स्वयंपाकघरात एक मिनिट आणि बाथरूममध्ये तीन मिनिटं लागत असतील तर दोष बाथरूमच्या फाट्यात आहे: जाळी बुजली आहे, कॉक अर्धवट उघडतोय, किंवा अर्ध्या इंचाचा जुना लोखंडी पाईप आतून गंज आणि क्षाराने भरला आहे. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येत असेल तर पाईपच. दोन्हीकडे सारखाच उशीर लागत असेल तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बघायला सांगा. जुन्या चाकाच्या व्हॉल्व्हमधली पाचर दांड्यावरून निसटून आतच अडकते, वरून चाक पूर्ण फिरतं आणि आत वाट अर्धीच उघडते. तो बदलून पूर्ण व्यासाचा बॉल व्हॉल्व्ह टाकणं हे तासाभराचं काम. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावरच धार बारीक होत असेल तर पाईपमध्ये हवा अडकते आहे. सगळ्यात खालचा नळ पाच मिनिटं पूर्ण उघडा ठेवा, आणि टाकीजवळ पाईपला हवेची उभी नळी आहे का ते विचारा. पाईपच भरला असेल तर बाथरूमचा फाटा सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाईपचा, करून घ्या, जुना लोखंडी पाईप ॲसिडने साफ करायच्या भानगडीत पडू नका. तो आतून पातळ झालेला असतो, साफ होण्याऐवजी गळायला लागतो. घरात प्रेशर पंप बसवायचा सल्ला कोणी दिला तरी सामाईक लाईनवर तो लावू नका, शेजारच्यांची धार तुटते.

पिण्याच्या पाण्याचा साठा तीन माणसांना, स्वयंपाकासकट, दिवसाला १५ ते २० लिटर पुरतो. सहा दिवसांचे १२० लिटर झाले. साठ-साठ लिटरचे दोन झाकणाचे पिंप स्वयंपाकघरात भिंतीकडेला ठेवा. हौसेने बाल्कनीत ५०० लिटरची टाकी बसवू नका. बाल्कनीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण ३०० किलोच्या हिशेबाने करतात, आणि भरलेली टाकी पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर अर्धा टन ठेवते.

गिझर बोअरच्या पाण्यावर असेल तर तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवा, त्यापुढे क्षार वेगाने बसतात. दर वर्षी दिवाळीआधी तो उघडून क्षार काढा आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला. तो रॉड टाकीऐवजी स्वतः गंजतो, म्हणूनच तो असतो. पाणी तापत असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणं ठीक आहे, तो बुजवू नका. आणि बटण पडतं म्हणून बाथरूममध्ये गॅस गिझर लावायचा विचार असेल तर तो आताच सोडा. जुन्या बाथरूमला हातभर झरोका असतो, बंद दारामागे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस आरडाओरडा न करता कोसळतो. गॅस गिझर लावायचाच तर बाहेर, मोकळ्या बाल्कनीत.

आता खालच्या काकूंची ओल. ती सोडवल्याशिवाय सही करू नका, कारण पुढच्या तीन वर्षांचं शेजारपण तिच्यावर आहे. खर्च कुणाचा हे ठरवण्याआधी पाणी कुठून येतं हे ठरवा. एका रविवारी काकूंनाच बरोबर घ्या, म्हणजे निकालावर वाद होणार नाही.

रात्री दहाला बाथरूमकडे येणारं पाणी बंद करा. भिंतीतला जुना कॉक जोर लावून फिरवू नका, तुटतो. गच्चीवरून तुमची लाईन बंद करायला वॉचमनला सांगा. काकूंच्या छतावरून मिनिटाला किती थेंब पडतात ते तेव्हा आणि सकाळी सहाला मोजा. थेंब थांबले तर भिंतीतला पाण्याचा पाईप गळतोय. थांबले नाहीत, किंवा मुळात अंघोळीनंतरच पडत असतील, तर पुढची परीक्षा नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीच्या जाळीखालच्या, पाणी बाहेर नेणाऱ्या भांड्याची. फरशी कोरडी ठेवून दोन बादल्या पाणी थेट जाळीतून ओता. अर्ध्या-एक तासात खाली थेंब वाढले तर ट्रॅपचा सांधा किंवा त्याच्यापुढचा पाईप. तसं नसेल तर जाळीत प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, फरशीवर बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी भरा, त्यात खाण्याचा लाल रंग मिसळा आणि चोवीस तास बाथरूम वापरू नका. खाली रंग उतरला तर फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरतंय. तीन परीक्षा झाल्या की तोडफोड न करता दोष कळतो. नाहीतर मिस्त्री आधी सगळी फरशी उखडतो आणि गळणारा ट्रॅप तसाच राहतो.

सांधे उघडे पडलेत असं निघालं तर एक प्रश्न आम्ही तुम्हाला विचारू: पांढरे डाग काढायला फरशीवर ॲसिड टाकता का? बोअरच्या पाण्याच्या घरात हे सर्रास चालतं. ॲसिड डाग काढतं, आणि डागाबरोबर दोन टाईल्समधलं सिमेंटही खातं. वर्ष-दोन वर्षांत सांधे पोकळ होतात आणि पाणी खाली उतरतं. बाहेरच्या खोलीतली मोझॅक, बाल्कनीतली शहाबादी, ओट्याचा कडप्पा, सगळं चुन्याच्या जातीचं. ॲसिडचा एक शिंतोडा पडला की चमक कायमची जाते आणि डिपॉझिटमधून कापायला मालकांना सबळ कारण मिळतं. नळांसाठी एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवा, कापड भिजवून पंधरा मिनिटं गुंडाळा, मग धुऊन पुसा. नळाच्या तोंडाची जाळी काढून त्याच पाण्यात अर्धा तास ठेवा. फरशीला हे पाणीही नको. अंघोळीनंतर रबरी पुसणीने पाणी ओढून घेणं, एवढंच रोज केलं तर डाग बसत नाहीत.

दुरुस्ती स्वस्तापासून सुरू करा. सांधे खरवडून, पूर्ण कोरडे करून एपॉक्सी ग्राउट भरायचं, ट्रॅपभोवतीची कडा त्याच वेळी बंद करायची, आणि दोन दिवस पाणी लावायचं नाही. ओल्या सांध्यात एपॉक्सी भरलं की ते धरत नाही, घाईत बहुतेकांचं काम इथेच वाया जातं. दुसरी एक गोष्ट काकूंना आधीच सांगून ठेवा: जुन्या बाथरूमचा स्लॅब खाली दबलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. त्यात मुरलेलं पाणी दुरुस्तीनंतरही आठ-पंधरा दिवस झिरपत राहतं. दुसऱ्या दिवशी थेंब दिसला म्हणून काम फसलं असं म्हणू नका. छत पूर्ण वाळेपर्यंत त्यांनी रंगही देऊ नये.

खर्चाचं सांगायचं तर बाथरूमच्या आतली गळती ही फ्लॅटच्या मालकाची जबाबदारी. सामाईक पाईप, बाहेरची भिंत आणि गच्चीतून येणारं पाणी असोसिएशनचं. भाडेकरू म्हणून तुमच्यावर येतं ते तुमच्या हातून झालेलं नुकसान. ॲसिड वापरलं असेल तर ग्राउटच्या खर्चात थोडा वाटा उचला, त्यात कमीपणा नाही आणि काकूंशी संबंध टिकतात. जाळी तुंबू न देणं तर तुमचंच काम.

असोसिएशनचे ५०० रुपये. सहकारी गृहनिर्माण संस्थांना १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने बिनभोगवटा शुल्कावर, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा लागणाऱ्या जादा आकारावर, मर्यादा घातलेली आहे: सेवा शुल्काच्या १० टक्के, त्याहून जास्त नाही, आणि तेही सभासदाने, म्हणजे मालकाने द्यायचं. महिना सेवा शुल्क १००० असेल तर १०० रुपये झाले. मराठवाड्यातल्या बऱ्याच इमारती मात्र १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, त्यांना स्वतःची घोषणापत्रं आणि उपविधी लागू होतात. तुमची इमारत कशाखाली आहे ते मालकांना विचारा. दोन्हीकडे असोसिएशनचा व्यवहार मालकाशी असतो, म्हणून भांडायला तुम्ही जाऊ नका. करारात "मेंटेनन्स आणि असोसिएशनचे इतर सर्व आकार घरमालक भरतील" ही ओळ घाला, किंवा तुम्हीच मेंटेनन्स भरत असाल तर त्याची रक्कम आकड्यात लिहा. गाडी लावायची जागाही नंबरासकट लिहून घ्या.

आणि करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागवलेला करार इथे चालत नाही. तुमचा आधीचा तसा असेल तर या वेळी बदला. मुदत ३६ महिन्यांची घ्या, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागतं. तुमचं गणित: ३६ महिन्यांचं भाडं ३ लाख ९६ हजार, व्याज ९ हजार, बेरीज ४ लाख ५ हजार, शुल्क हजार-अकराशे. शहरात नोंदणी फी १ हजार. दर वर्षी थोडी भाडेवाढ लिहिली तर शुल्क पन्नास-शंभरने वाढेल. दर अकरा महिन्यांनी ही फी नव्याने भरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि दर मे महिन्यात घर जाईल का याची धास्ती राहत नाही.

दुरुस्तीबाबत एक अट घालून घ्या. कायद्याच्या कलम १४ मध्ये भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करून, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याने भाडेकरू धरला जात नाही, म्हणून त्याने त्या कलमावर विसंबू नये. तीच तरतूद तुमच्या करारात शब्दांत उतरवा: नळ, वॉशर, बल्ब अशी किरकोळ कामं तुमची, वायरिंग, भिंतीतले पाईप, गळती, गिझरची टाकी मालकांची, कळवल्यापासून १५ दिवसांत न झाल्यास तुम्ही करून पावतीवर वळतं करणार. घर सोडताना डिपॉझिट किल्ली देण्याच्या दिवशीच परत, आणि रोजच्या वापराची झीज कापायची नाही, हेही लिहा. मोझॅकच्या फरशीचे, ओट्याचे, बाथरूमच्या टाईल्सचे फोटो सहीच्या दिवशी काढून दोघांनी व्हॉट्सॲपवर ठेवा. महावितरण वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ते ग्राहकाच्या, म्हणजे मालकांच्या खात्यात जमा होतं, म्हणून ते त्यांनीच भरायचं.

नव्या कॉम्प्लेक्सबद्दल थोडक्यात. महिना ५ हजारांचा फरक तीन वर्षांत १ लाख ८० हजार होतो. त्याशिवाय तिथे महापालिकेची लाईन आलेली आहे का, की सगळं बोअर आणि टँकरवर आहे, आणि एप्रिल-मे महिन्यातल्या टँकरचं बिल कोण भरतं, हे तिथल्या वॉचमनला विचारा. तो बिल्डरच्या माणसापेक्षा खरं सांगेल. तुमच्या घरात गुडघे दुखणारं वडीलधारं माणूस राहायला येणार असेल तर मात्र लिफ्टला पर्याय नाही, तेव्हा आमचं उत्तर वेगळं असतं.

मेअखेर करार संपून नवा झाला नाही आणि तुम्ही तशाच राहिलात, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतात. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मालकांना लेखी कळवा: राहायचं आहे, तीन वर्षांसाठी, आणि त्याआधी बाथरूमची तपासणी आणि एसीची लाईन हवी आहे. काकूंच्या छताच्या फोटोसकट पाठवा. ग्राउटचं काम एप्रिलमध्येच होऊ द्या, उन्हाने सांधे लवकर वाळतात. गच्चीच्या पन्हाळ्यांच्या जाळ्या आणि कोब्यातल्या चिरा मृगाआधी बघून घ्यायला सेक्रेटरींनाही त्याच पत्राची एक प्रत द्या.